एकच रस्ता आणि तीन बाजूंना जंगल: ब्लू माउंटन्समध्ये राहताना वणव्याची तयारी कशी करायची

गेल्या काही वर्षांत आमच्या ओळखीतल्या तीन मराठी घरांनी सिडनी सोडून इकडे ब्लू माउंटन्समध्ये घर घेतलं. कारण सगळ्यांचं एकच, तिकडे तेवढ्या पैशात फ्लॅट येतो आणि इकडे अंगण, मागे दरी, सकाळी पक्षी. इन्स्पेक्शनला सगळ्यांनी नळ सोडून पाहिले, वाळवीचा रिपोर्ट काढला, शाळा किती लांब ते पाहिलं, पण या गल्लीतून बाहेर पडायला रस्ते किती आहेत हे एकानेही विचारलं नाही. आम्ही पण नव्हतं विचारलं, २०१६ मध्ये घर घेतलं तेव्हा. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण सीझन सुरू झाल्यावर वाचून उपयोग नाही, इथल्या थंडीत, म्हणजे जून ते ऑगस्टमध्येच वाचा आणि कामाला लागा.

आधी जागा समजून घ्या. सह्याद्रीत डोंगराची सोंड उतरते ना, तसाच हा प्रदेश आहे. एक मोठी धार, त्या धारेवरून ग्रेट वेस्टर्न हायवे आणि त्याला चिकटून रेल्वे, आणि दोन्हींच्या कडेने माळेतल्या मण्यांसारखी गावं, ग्लेनब्रुक, स्प्रिंगवूड, लॉसन, कटूम्बा, ब्लॅकहीथ. प्रत्येक गावातून बारक्या सोंडा फुटतात, त्यावर घरांची गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला 'नो थ्रू रोड'ची पाटी. पाटीच्या पलीकडे थेट जंगल. म्हणजे टोकाच्या घराला तीन बाजूंना झाडी आणि चौथ्या बाजूला रस्ता, आणि तो रस्ता जिथे निघतो तिथे पुन्हा एकच हायवे. उत्तरेला बेल्स लाइन ऑफ रोड आहे, पण मधली ग्रोझ व्हॅली पेटली की तोही बंद होतो. आग चढावर पळते, साधारण दर दहा अंशांच्या चढाला तिचा वेग दुप्पट होतो असा इथला आडाखा आहे. आणि आपली सगळी घरं चढाच्या डोक्यावर.

१७ ऑक्टोबर २०१३ ला विनमली आणि यलो रॉक भागात जे झालं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, नव्याने येणाऱ्याने पण माहीत करून घ्या. विजेच्या तारांवर झाड पडून आग लागली, वारा सोसाट्याचा, आणि एका दुपारात जवळजवळ २०० घरं गेली. डिसेंबर-जानेवारी म्हणजे इथला ऐन उन्हाळा नव्हता हो, ऑक्टोबर होता, आपल्याकडे दिवाळीच्या साफसफाईला सुरुवात होते ते दिवस. आणि गुरुवार होता, पोरं शाळेत, आईबाप कामावर. विनमलीचा मुख्य रस्ता हॉक्सबरी रोड, एक टोक स्प्रिंगवूडला आणि दुसरं खाली यारामुंडीकडे. यलो रॉकला तर सिंगल्स रिज रोड तेवढाच. आमच्या समोरच्या बाईंचं घर त्यात गेलं, नंतर त्यांनी त्याच प्लॉटवर परत बांधलं. त्यांनी मला पहिल्याच वर्षी एक गोष्ट सांगितली, की त्या दिवशी आग दिसल्यावर जे निघाले ते सगळे एकाच वेळी निघाले, आणि धुरात गाडीच्या बॉनेटपुढचं दिसत नव्हतं.

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं त्यावरून येतं. निघायची वेळ आग बघून ठरवायची नाही, अंदाज बघून ठरवायची. दोन-चार रस्ते असलेल्या गावात धूर दिसल्यावर निघालात तर कदाचित चालून जाईल, सोंडेवरच्या घरात नाही चालत.

पायरी १: आपला रस्ता स्वतः चालून आणि चालवून बघा

रविवारी सकाळी एक तास काढा. घरापासून हायवेपर्यंत पायी जा आणि बघत जा, कुठे झाडांच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींना भेटतात, कुठे रस्ता इतका अरुंद की दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला थांबावं लागतं, कुठे तारा झाडांतून जातात. एक झाड आडवं पडलं की तुमची गल्ली बंद, हे लक्षात ठेवून बघा. मग तोच रस्ता शाळा सुटायच्या वेळी गाडीने करा आणि किती मिनिटं लागली ते लिहा. मग रात्री करा. आमच्या गल्लीपासून हायवेला रविवारी सात मिनिटं लागतात आणि दुपारी तीनला बावीस. त्यात धूर मिळवा, घाबरलेले ड्रायव्हर मिळवा, घोड्यांचे ट्रेलर मिळवा.

नकाशा कागदावर छापून गाडीत ठेवा, नेटवर्क जाणार हे धरूनच चाला. पूर्वेला पेनरिथ, पश्चिमेला लिथगो-बाथर्स्ट, दोन्ही दिशांचा विचार करून ठेवा, कारण आग कुठल्या बाजूला आहे त्यावर दिशा ठरणार. फायर ट्रेल म्हणून जे मातीचे रस्ते जंगलात जातात ते बाहेर पडायचे रस्ते नाहीत, गेटं कुलूपबंद असतात आणि पुढे काय आहे दिसत नाही, तिकडे गाडी घालू नका.

आणि शेवटचा आसरा कुठे ते शोधून ठेवा. इथे त्याला 'नेबरहूड सेफर प्लेस' म्हणतात, एखादं मैदान किंवा हॉल असतो, रुरल फायर सर्व्हिसच्या म्हणजे आरएफएसच्या वेबसाइटवर आपल्या गावाचा मिळतो. नीट समजून घ्या, तिथे पाणी, खाणं, पंखा, डॉक्टर काहीही असेलच असं नाही आणि जीव वाचेलच अशी हमीही नाही. बाकी सगळे रस्ते बंद झाल्यावर जायची ती जागा आहे. प्लॅनमध्ये ती शेवटच्या ओळीत असते, पहिल्या नाही.

पायरी २: निघायचा आकडा आजच ठरवा

१ सप्टेंबर २०२२ पासून पूर्ण ऑस्ट्रेलियात फायर डेंजर रेटिंगच्या चारच पायऱ्या आहेत, मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटास्ट्रॉफिक. त्यामागे एक आकडा असतो, ५० च्या पुढे एक्स्ट्रीम आणि १०० च्या पुढे कॅटास्ट्रॉफिक. रस्त्याच्या कडेला अर्धवर्तुळाची रंगीत पाटी दिसते ना बाण असलेली, तीच ती. हे रेटिंग आगीचं नसतं, आग लागलीच तर ती किती भडकेल याचं असतं. म्हणजे आकाश निळंशार, कुठे धूर नाही आणि रेटिंग कॅटास्ट्रॉफिक असं होऊ शकतं, आणि नेमकं त्याच दिवशी निघायचं असतं. माझ्या मते हेच आपल्या लोकांना पटायला सगळ्यात अवघड जातं, कारण काही झालेलं नसताना घर सोडून जायचं म्हणजे उगाच घाबरट वाटतं.

आमच्या घराचा नियम फ्रिजवर लावलाय. कॅटास्ट्रॉफिकचा अंदाज आला की आदल्या दिवशी संध्याकाळी निघायचं, सगळ्यांनी, कितीही तयार घर असलं तरी. अशा दिवशी कुठलंही घर वाचेल असं फायर सर्व्हिसच म्हणत नाही. एक्स्ट्रीमचा अंदाज आला की सासूबाई, मुलं आणि कुत्रा सकाळी आठच्या आत खाली, आणि आम्ही दोघं पण दहाच्या आत. पूर्वी 'थांबा आणि घर वाचवा' हा पर्याय लोकांना बरोबरीचा वाटायचा. ७ फेब्रुवारी २००९ ला व्हिक्टोरियात, ब्लॅक सॅटरडेला, १७३ माणसं गेली आणि त्यातली ११३ घरांच्या आत गेली, त्यानंतर सगळं बदललं. सोंडेवरच्या, मुलंबाळं असलेल्या घराने थांबायचा विचारच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

किती वेळा निघावं लागेल? २००९ मध्ये ही कॅटास्ट्रॉफिक पायरी आल्यापासून ग्रेटर सिडनीला ती पहिल्यांदा लागली १२ नोव्हेंबर २०१९ ला, म्हणजे दहा वर्षांनी. मग त्याच डिसेंबरात २१ तारखेला परत. तेव्हा गॉस्पर्स माउंटनची आग चालू होती, २६ ऑक्टोबरला वीज पडून लागलेली, ती पुढे पाच लाख हेक्टरच्या वर गेली. आम्ही २० तारखेला संध्याकाळी निघालो, वेस्टमीडला मैत्रिणीकडे दोन रात्री काढल्या, आमच्या गल्लीत काही झालं नाही, परत आलो. नवरा म्हणाला, उगाच गेलो का? नाही गेलो उगाच. जाऊन काही न होता परत येणं म्हणजे प्लॅन बरोबर चालला.

आता वॉर्निंगबद्दल. रेटिंग वेगळं आणि वॉर्निंग वेगळी. वॉर्निंग लागलेल्या आगीची असते आणि तीन रंगांत येते, पिवळी 'ॲडव्हाइस', केशरी 'वॉच अँड ॲक्ट', लाल 'इमर्जन्सी वॉर्निंग'. लाल म्हणजे वेळ गेली असू शकते. सोंडेवर राहणाऱ्यांनी केशरीची वाट बघू नये, आसपास पिवळी आली आणि वारा असला की गाडी सुरू. आणि वॉर्निंग येईलच असंही धरू नका, आग जवळच लागली तर मेसेज यायच्या आधी ती दारात असते.

पायरी ३: कुठे जाणार, ते पक्कं करा

'निघू' म्हणणं सोपं असतं, रात्री आठला सहा माणसं आणि कुत्रा घेऊन कुठे जायचं हे ठरलेलं नसलं की माणूस घरातच थांबतो. मी हे आजूबाजूला बघितलंय. म्हणून कुणाशी तरी आधीच बोलून ठेवा. पॅरामाटा, वेस्टमीड, ब्लॅकटाउनकडे आपली मराठी घरं भरपूर आहेत. आमचं मैत्रिणीशी ठरलंय की रेटिंग वर गेलं की आम्ही 'येऊ का' असं विचारणार नाही, 'निघालो' एवढाच मेसेज टाकणार, आणि तिने दार उघडायचं. हा संकोच आधीच काढून टाकला की निम्मं काम होतं. आणि तुम्ही खाली सपाटीला राहत असाल तर डोंगरावरच्या ओळखीच्यांना सप्टेंबरमध्ये स्वतःहून फोन करून सांगा की आमची एक खोली तुमची.

पायरी ४: घर, म्हणजे ठिणग्यांशी लढाई

आमच्या सासूबाई वाईच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे पण लागतो की वणवा, हिरव्या फांद्या घेऊन पोरं झोडपून विझवतात." खरंय, सह्याद्रीत फेब्रुवारी ते मे वाळलेलं गवत पेटतं आणि ते असं विझतंही. पण इथे निलगिरी आहे. पानात तेल, आणि काही जातींची साल लांब पट्ट्यांनी सुटून खोडावर लोंबत असते. ती पेटून वाऱ्याबरोबर उडते आणि पार पुढे जाऊन पडते. ब्लॅक सॅटरडेला तर मूळ आगीपासून ३० किलोमीटरपेक्षा लांब नव्या आगी लागल्या होत्या. आईंना मी मागच्या डेकवर नेऊन झाडं दाखवली, म्हटलं या झाडाच्या शेंड्याच्याही वर ज्वाळा जाते, फांदी घेऊन कोण जाणार?

तर घरं जास्त करून थेट ज्वाळांनी जळत नाहीत, ठिणग्यांनी जळतात. निखारा वळचणीत, पन्हळीत, डेकखाली जाऊन बसतो आणि अर्ध्या-एक तासाने घर पेटतं. म्हणून घराकडे निखाऱ्याच्या नजरेने बघा, मी कुठे शिरू, मला कुठे सुकं मिळेल.

पन्हळ, म्हणजे इथे ज्याला सगळे गटर म्हणतात, तिच्यातला पाला हे पहिलं काम. एकदा साफ करून भागत नाही, इथली झाडं उन्हाळ्यातच जास्त पानं टाकतात, त्यामुळे ऑक्टोबर ते मार्च दर दोन-तीन आठवड्यांनी. शिडीवर वयस्कर माणसाला चढवू नका. घरात वयस्कर किंवा आजारी माणूस असेल आणि करणारं कुणी नसेल तर आरएफएसचा 'एडर' म्हणून एक मोफत प्रोग्राम आहे, पन्हळ साफ करणं, फांद्या छाटणं अशी कामं ते करून देतात, सीझनच्या आधी अर्ज करा.

मग फटी. कौलांखाली, भिंतीच्या हवेच्या भोकांना, डेकच्या खाली, २ मिलिमीटरपेक्षा मोठं भोक नको, धातूची जाळी लावा, प्लास्टिकची वितळते. दारातलं काथ्याचं पायपुसणं, ते हो, ते पण उचलायचं. आमच्या समोरच्या बाईंनी सांगितलं की २०१३ नंतर त्यांनी दारात पायपुसणं ठेवलं नाही, आणि खरंच विचार करा, सुका काथ्या, लाकडी दाराच्या फटीला चिकटून, वाऱ्याने निखारे तिथेच गोळा होणार. तसंच डेकवरच्या गाद्या, भिंतीला लावून रचलेली लाकडं, खिडकीखालची सालींची मल्च (झाडांच्या बुडाशी पसरतात तो चुरा), कुंपणाजवळचा सुका कचरा. गॅसचा सिलिंडर असेल तर त्याचा व्हॉल्व्ह घराच्या उलट्या दिशेला वळवून ठेवा आणि आसपासचं सगळं साफ करा.

झाडं तोडण्याबद्दल. २०१३ च्या आगीनंतर न्यू साउथ वेल्समध्ये '१०/५०' नावाचा नियम आला, काही ठरलेल्या भागात घरापासून १० मीटरमधली झाडं आणि ५० मीटरमधली खालची झुडपं परवानगीशिवाय काढता येतात. पण तुमचा पत्ता त्यात बसतो का ते आरएफएसच्या वेबसाइटवर टाकून बघायचं, आणि उतारावर, ओढ्याजवळ अटी आहेत. आधी पत्ता टाका, मग करवत. आणि सगळी झाडं सपाट करायची गरजही नसते, खालच्या फांद्या छाटल्या, झुडूप आणि झाड यांच्यात अंतर ठेवलं की आगीला शिडी मिळत नाही.

नवीन घर किंवा एक्स्टेन्शन करत असाल तर 'बाल' (BAL) रेटिंग विचारा, म्हणजे वणव्याचा घरावर किती मारा होऊ शकतो त्याची पातळी, १२.५, १९, २९, ४० आणि सगळ्यात वर फ्लेम झोन, काचा आणि दरवाजे कसले लावायचे ते त्यावर ठरतं. घर विकत घेतानाच विचारलंत तर सगळ्यात बरं. इन्शुरन्सची रक्कम पण आजच्या बांधकामाच्या भावाने तपासा, आणि आग जवळ आल्यावर पॉलिसी काढता येत नाही हे लक्षात ठेवा. प्रत्येक खोलीचा मोबाइलवर सावकाश व्हिडिओ काढून क्लाउडवर टाका, कपाटं उघडून.

पायरी ५: लाइट जाणार, त्याची तयारी

याच्यावर मी जरा जास्त बोलते कारण आमचं इथेच अडलं होतं. पहिल्या वर्षी आम्ही घरच्या घरी सराव केला, नवऱ्याने मुद्दाम मेन स्विच बंद केला. पोरं बूट घालून तयार, बॅगा दारात, आणि गॅरेजचं दार उघडेना, इलेक्ट्रिक आहे ना. आत गाडी, बाहेर आम्ही. मोटरला एक लाल दोरी लोंबत असते, ती ओढली की दार हाताने उचलता येतं, पण ती दोरी आधीच्या मालकांनी वर गुंडाळून बांधून ठेवलेली. स्टुलावर चढून, टॉर्च तोंडात धरून, गाठ सोडण्यात अकरा मिनिटं गेली. माझ्या सासूबाई शांत उभ्या होत्या आणि मुलगी रडायला लागली, सरावातच. आता ती दोरी खाली सोडलीय, घरातला प्रत्येक मोठा माणूस ती ओढून दार उचलू शकतो हे आम्ही दर सप्टेंबरला बघतो, आणि रेटिंग वाढलेल्या दिवशी गाडी बाहेर, तोंड रस्त्याकडे करून ठेवतो.

लाइट गेली की काय काय जातं ते बघा. एनबीएनवरचा (इथलं ब्रॉडबँड नेटवर्क) घरचा फोन आणि वायफाय जातो. मोबाइल टॉवरची बॅटरी काही तासांत संपते. पेट्रोल पंपाचे पंप चालत नाहीत. कार्ड चालत नाही. पाण्याची मोटर चालत नाही, म्हणजे टाकी भरलेली असून होजमध्ये पाणी नाही. म्हणून सीझनभर गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, दोन-तीनशे डॉलर सुट्टे घरात ठेवायचे, पॉवर बँक भरलेली, आणि सेलवर चालणारा छोटा रेडिओ, सेल वेगळे. एबीसी लोकल रेडिओ हा इमर्जन्सीचा अधिकृत रेडिओ आहे, सिडनीकडे ७०२ एएम, मोबाइल बंद पडल्यावरही तो चालू असतो. रेडिओवर स्टेशन आधी लावून, त्यावर टेपने खूण करून ठेवा.

फोनमध्ये 'हॅझर्ड्स निअर मी' ॲप घ्या आणि आपल्या घराभोवती वॉच झोन लावा, मुलांच्या शाळेभोवती वेगळा. व्हिक्टोरियात असाल तर 'व्हिकइमर्जन्सी'. आरएफएसची माहितीची लाइन १८०० ६७९ ७३७, व्हिक्टोरियाची १८०० २२६ २२६, जीवावर आलं तर ०००.

पायरी ६: बॅग, आणि आई-बाबा

डिसेंबरात पुष्कळांचे आई-बाबा भारतातून आलेले असतात, ते नेमके वणव्याच्या ऐन दिवसांत येतात. त्यांना हे सगळं मराठीत, बसून, पहिल्याच आठवड्यात सांगा. आपण कामावर असताना त्यांनी एकट्याने काय करायचं? गाडी चालवत नाहीत, इंग्रजी फोनवर अडतं. शेजाऱ्याशी बोलून ठेवा की तुम्ही निघालात तर यांना घेऊन निघा, आणि आई-बाबांची त्या शेजाऱ्याशी गाठ घालून द्या, नाहीतर अनोळखी गोरा माणूस 'कम, कम' म्हणतोय म्हटल्यावर ते दार लावून घेतील. दुभाषा पाहिजे असेल तर १३१ ४५० वर फोन करून 'मराठी' म्हणायचं. हा नंबर मी आईंच्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत चिकटवलाय. पण एक्स्ट्रीमच्या दिवशी खरं म्हणजे त्यांना घरी एकटं ठेवूच नये, सकाळी आपल्याबरोबर खाली न्यावं.

बॅगेत पासपोर्ट, व्हिसाचे कागद, घराचे आणि इन्शुरन्सचे कागद, औषधं दोन आठवड्यांची (भारतातून आणलेल्या गोळ्यांची चिठ्ठी पण, इथल्या डॉक्टरला नाव कळत नाही), चष्मा, कानाचं मशीन आणि त्याचे सेल, चार्जर, धुरासाठी पी-२ मास्क. धुराला हलकं घेऊ नका. २०१९-२० च्या त्या उन्हाळ्यात आगीने थेट ३३ माणसं गेली आणि धुरामुळे गेलेल्यांचा अंदाज चारशेच्या वर आहे, दमा आणि हृदयाचा त्रास असलेली. म्हाताऱ्या माणसांना धुरातून नेण्यापेक्षा धुराच्या आधी न्यायचं.

आमच्याकडे देवांचा प्रश्न आला. आई म्हणाल्या देव घेतल्याशिवाय मी निघणार नाही. ठीक आहे, मग देवघरातल्या टाक आणि बाळकृष्णासाठी एक डबा केला, आत मऊ कापड, डब्यावर नाव. सरावात त्या स्वतः तो भरतात, दोन मिनिटं लागतात. ज्याला ज्याच्यावाचून पाय निघणार नाही ते आधी विचारून घ्या आणि त्याची जागा करा, ऐन वेळी त्यावरून वाद घालण्यात पंधरा मिनिटं जातात.

कपडे प्रत्येकासाठी एक जोडी बाजूला, सुती किंवा लोकरी, लांब बाह्या, जीन्स, चामड्याचे बूट. नायलॉनची साडी, पॉलिस्टरचा गाऊन, क्रॉक्स अजिबात नाही, अंगावर वितळतात. प्रत्येक माणशी एक शुद्ध लोकरीचं ब्लँकेट गाडीत, कायम. भारतातून घोंगडी आणली असेल तर उत्तम. पाण्याच्या बाटल्या गाडीत.

कुत्रा-मांजर असेल तर एक्स्ट्रीमच्या आदल्या रात्रीपासून घरातच ठेवा. सकाळी मांजर शोधत बसण्यात लोकांचे तास गेलेत.

पायरी ७: निघता आलं नाही तर

हे वाचावं लागू नये, पण वाचा. ३१ डिसेंबर २०१९ ला व्हिक्टोरियातल्या मॅलाकूटाला असंच झालं. गावात जायला-यायला एकच रस्ता, तो बंद, नाताळच्या सुट्टीचे टुरिस्ट धरून सुमारे ४,००० माणसं समुद्रकिनाऱ्यावर जमली, सकाळी काळोख आणि मग लाल आकाश. नंतर ३ जानेवारीला नौदलाचं 'चूल्स' जहाज सुमारे हजार लोकांना घेऊन गेलं. तिथे समुद्र होता. इथे सोंडेवर समुद्र नाही.

सेफर प्लेसला पोचता येत असेल तर तिथे. नाहीतर स्वतःचं किंवा शेजाऱ्याचं जास्त साफ घर. दारं-खिडक्या बंद, फटींना ओले टॉवेल, बादल्या आणि टब भरून ठेवा, पण टबमध्ये किंवा बाथरूममध्ये लपू नका, तिथून बाहेर पडायला दार एकच. आगीच्या उलट बाजूच्या, बाहेर जायचं दार असलेल्या खोलीत सगळे एकत्र थांबा, पाणी पीत राहा, बाहेर बघत राहा. मुख्य ज्वाळा साधारण दहा-पंधरा मिनिटांत पुढे सरकते. घराला आग लागली तर तेवढा वेळ शक्य तितकं आत, खोलीमागून खोली बदलत, आणि मग जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर बाहेर.

गाडीत अडकलात तर झाडांपासून लांब, शक्यतो मोकळ्या किंवा जळून गेलेल्या जागेत गाडी थांबवा, तोंड आगीकडे. काचा आणि हवेची भोकं बंद, हेडलाइट आणि हॅझर्ड चालू, सीटच्या खाली बसा, काचेच्या पातळीच्या खाली, अंगावर लोकरी ब्लँकेट. ज्वाळा पुढे जाईपर्यंत उतरू नका. पळून आगीच्या पुढे जाता येत नाही, विशेषतः चढावर.

आणि वारा बदलणार हे लक्षात ठेवा. दिवसभर वायव्येचा गरम वारा, मग दुपार-संध्याकाळी दक्षिणेकडचा गार वारा येतो, लोक म्हणतात हुश्श, गार झालं. त्या क्षणी आगीची लांब बाजू हीच तिचं नवं तोंड होते. आतापर्यंत जे घर बाजूला होतं ते समोर येतं.

परत येताना

रस्ता उघडलाय असं अधिकृत सांगेपर्यंत परत फिरू नका, फोटो काढायला तर अजिबात नाही. आतून जळलेली झाडं वारा नसताना पडतात, तारा खाली असतात. घर उभं असलं तरी माळ्यावर, डेकखाली, पन्हळीत निखारे तपासा, पुढचे काही तास परत परत. शेजारचं जुनं घर जळलं असेल तर त्या राखेत मुलांना जाऊ देऊ नका, जुन्या बांधकामात ॲस्बेस्टॉस असतो. फ्रिज बंद पडून राहिला असेल तर आतलं सगळं टाका, दूध आंबट नाही लागलं तरी.

२०१९ च्या त्या डिसेंबरात आम्ही २२ तारखेला परत आलो तेव्हा अंगणभर काळी, करपलेली निलगिरीची पानं पडली होती, अख्खी, शिरा दिसणारी, हातात घेतली की भुगा. आईंनी एक पान उचलून बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "हे पेटतं आलं असतं तर?" आणि देवांचा डबा देवघरात रिकामा केल्यावर तो माळ्यावर नाही टाकला, दाराजवळच्या फळीवर ठेवला, तिथेच असतो तो आता.